वाद्यवृंद आणि हिशेबाची वही



कामगार संघटनेचा माणूस संगीतावर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. ती रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर पुष्कळ झाले. सुरांतले आम्हांला फारसे कळत नाही. परंतु दहा माणसांनी मिळून काम कसे करावे आणि आलेला पैसा कसा वाटून घ्यावा, या प्रश्नाशी आमची तीस वर्षे झटापट चालू आहे. त्याचे एक उत्तर आम्हांला सापडले ते नाचासाठी वाजविणाऱ्या एका वाद्यवृंदात.

हा वाद्यवृंद आर्जेंटिनाच्या राजधानीतला, ब्वेनोस आयरेसचा. टँगो हे नृत्यसंगीत तिथल्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत वाढले. त्याचे मुख्य वाद्य बांदोनिऑन. आपल्या पेटीसारखाच त्याला भाता असतो. मात्र ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ताणून-दाबून वाजवितात. जोडीला व्हायोलिने, एक मोठे खर्जाचे तंतुवाद्य आणि पियानो. पियानोवर बसत ते ओस्वाल्दो पुग्लिएसे. जन्म १९०५ चा. वडील जोडे बनविणारे कारागीर, फावल्या वेळी बासरी वाजवीत. मुलगा पोरवयातच पियानो वाजवून पोट भरू लागला.

वादकांची हलाखी त्यांनी अंगावर सोसली होती. वादकांची संघटना उभारण्यात त्यांचा हात होता, आणि १९३६ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. ११ ऑगस्ट १९३९ रोजी 'एल नासिओनाल' या कॅफेत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद प्रथम वाजला.

त्या काळी रीत अशी, की वाद्यवृंदाचा मालक करार करी आणि वादकांना मजुरी देई. पुग्लिएसे यांनी ही रीत मोडली. त्यांचा वाद्यवृंद सहकारी होता. मिळकतीची वाटणी गुणांवर होई, आणि गुण कामावर मिळत. नवी रचना केली, वाद्यांसाठी मांडणी लिहून दिली, तर त्याचेही मोल होई. प्रमुखाचा वाटाही त्याच हिशेबात. परिणाम काय झाला? वादकच रचनाकार झाले. व्हायोलिनवादक एमिलिओ बाल्कार्से यांनी 'ला बोर्दोना' रचली. बांदोनिऑनवादक ओस्वाल्दो रुजिएरो १९३९ पासून १९६८ पर्यंत तिथेच राहिले. एका नोकरीत एकोणतीस वर्षे! आमच्या ऐकण्यात असे कारखाने थोडे.

पुग्लिएसे यांची 'ला यूम्बा' १९४६ साली ध्वनिमुद्रित झाली. नाव तिच्या ठेक्यावरूनच पडले: 'यूम्' वर सगळ्यांचा मिळून जोर, 'बा' वर खर्जातला धक्का. आम्ही ती प्रथम ऐकली तेव्हा आम्हांला जड ओझे उचलणारी माणसे आठवली. एकाने जोर चुकविला तर ओझे दुसऱ्याच्या पायावर!

राज्यकर्त्यांना हा माणूस रुचला नाही. रेडिओवर बंदी आली, अटका झाल्या. १९५५ साली पेरॉन यांच्या राजवटीतही ते तुरुंगात होते. अशा वेळी वाद्यवृंद बंद पडला नाही. पियानोवर एक लाल कार्नेशनचे फूल ठेवीत आणि बाकीचे वाजवीत. नाचायला आलेल्या माणसाला फुलाचा अर्थ सांगावा लागत नसे. पुढारी तुरुंगात गेला की कार्यालयाला कुलूप लागते, अशा संघटना आम्ही पाहिल्या आहेत. इथे कुलूप का लागले नाही? कारण ते घर एकट्याचे नव्हते.

तरीही सहकाराने सगळे सुटते असे नाही. साठीच्या दशकात नाचघरांची गर्दी ओसरली, नवे संगीत आले. १९६८ साली रुजिएरो, बाल्कार्से यांच्यासह सहा जुने वादक बाहेर पडले आणि त्यांनी 'सेक्स्तेतो टँगो' काढला. पुग्लिएसे तेव्हा बासष्ट वर्षांचे. त्यांनी तरुण वादक घेतले आणि पुन्हा तालमीला बसले.

इथे आम्हांला आमची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीस वर्षांपूर्वी बंद कारखान्याच्या कामगारांचे एक सहकारी उपाहारगृह आम्ही काढले. भटारखान्यातल्या माणसाला किती आणि गल्ल्यावरच्याला किती, ही वही आम्ही आमच्याच कपाटात ठेवली. पैसा आम्ही खाल्ला नाही. पण वहीही उघडली नाही. दीड वर्षात पाच जण निघून गेले. आम्ही भर सभेत त्यांना फितूर म्हटले. उपाहारगृह बुडाले. ते पाच जण वाईट नव्हते. त्यांना आपला वाटा कसा ठरतो ते कधी कळलेच नव्हते. हे आम्हांला फार उशिरा उमगले. त्यांच्यापैकी दोघे आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहिली.

पुग्लिएसे यांचे चाहते वर्षानुवर्षे नाचघरात ओरडत, 'कोलोनला!' कोलोन म्हणजे तिथले थोर ऑपेरागृह. अभिजात संगीताचे देऊळच. २६ डिसेंबर १९८५ रोजी ऐंशी वर्षांचे पुग्लिएसे आपल्या वाद्यवृंदासह खरोखरच त्या रंगमंचावर बसले. १९९५ साली ते वारले.

आपल्यात कोणी पतसंस्था चालवीत असेल, कोणी भजनी मंडळ, कोणी गणेशोत्सव. त्यांना आमची एवढीच विनंती, की वही उघडी ठेवा आणि त्यात स्वतःचे नावही इतरांच्याच रांगेत लिहा. म्हणजे उद्या आपली खुर्ची रिकामी राहिली, तरी वाजविणारे थांबणार नाहीत.