आत्याची तिचाकी, ठिबकची नळी आणि अडकलेला पदर

हेडफोन लावून ऐकत असाल तर सुरुवातीला खर्रर्र असा आवाज आला असेल. मोबाईल बिघडलेला नाही. तो माझ्या आत्याच्या तिचाकीच्या चेनचा आवाज आहे, मुद्दाम रेकॉर्ड केलाय. आजचा भाग त्या चेनवरच आहे.

आत्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पायांत जोर नाही. तिच्याकडे हाताने फिरवायची तिचाकी सायकल आहे. ती ब्लाउज शिवते आणि शिवलेले ब्लाउज या गाडीवरून स्वतः घरोघरी नेऊन देते. या गाड्यांचे प्रकार बरेच. आत्याच्या गाडीत पॅडल उजव्या हाताशी आहे आणि तिथून चेन सीटच्या बाजूने थेट मागच्या चाकापर्यंत जाते. म्हणजे लांबलचक उघडी चेन, मांडीला लागून. आणि वरून पदर.

व्हायचं तेच झालं. मागच्या दिवाळीच्या आधी उताराला गाडी होती, पदर चेनसोबत चेनव्हीलमध्ये गेला. गाडी जागीच थांबली, आत्या एका बाजूला ओढली गेली आणि पदराचा फास गळ्याला बसला. शेजारची बाई कापूस वेचून घरी येत होती. तिने विळ्याने लुगडं कापलं म्हणून वाचली.

त्यानंतर घरच्यांनी गाडी गोठ्यात लावली आणि साखळीने बांधून टाकली. काळजीपोटीच, खोटं कशाला बोलू. मीही "बरोबर आहे" असंच म्हणालो होतो. आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले घरात कोंडून ठेवता का रे? माह्या ब्लाउजाचे पैसे कोन आनून देईन?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग एका रात्री रील बघता बघता रिकम्बंट सायकल दिसली. आरामखुर्चीत रेलून बसायचं, पॅडल पुढे, पाय लांब करून मारायचे. ही काही नवी फॅशन नाही बरं का. 1933 साली फ्रान्सिस फॉर या फ्रेंच माणसाने अशाच सायकलवर एका तासात 45 किलोमीटरच्या वर अंतर तोडलं, आणि पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा सायकली शर्यतींमधून बाद केल्या. असो. मला अडकवलं ते वेगळ्या गोष्टीने. तिथेही पॅडल एका टोकाला, चाक दुसऱ्या टोकाला आणि मध्ये लांब चेन. ती पायांना लागू नये, कपड्याला तेल लागू नये म्हणून ते लोक चेन प्लास्टिकच्या नळीतून ओवतात. मी उठून बसलो. नळी? अरे, आपल्या जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यावर काळ्या नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात!

आधी 16 मिलिमीटरची ठिबकची नळी घेतली. चेन आत गेली, पण चेनचं लॉक आलं की अडकायची, कारण ती कडी इतर कड्यांपेक्षा जाड असते. मग 20 मिलिमीटरची घेतली, तेव्हा जमलं. नळी कोरी हवी, आत ड्रिपर बसवलेली चालत नाही. चेनचं लॉक काढायचं, टोकाला सुतळी बांधायची आणि ओढून घ्यायचं. वरच्या चेनला एक तुकडा, खालच्या चेनला एक.

पहिल्या दिवशी मी नळी कुठेच बांधली नाही. दहा पावलांत ती चेनसोबत सरकत गेली आणि दात्यांत घुसली. आत्या म्हणाली, "पोट्ट्या, पदर नाई तं नळी!" मग नळी एकाच जागी, मधोमध, जुन्या ट्यूबच्या पट्टीने फ्रेमला बांधली. टोकं मोकळी. दोन्हीकडे दात्यांपासून चार बोटं अंतर ठेवलं. नळीचं तोंड मेणबत्तीच्या धगीवर जरा मऊ करून बाटलीच्या तोंडावर दाबलं, म्हणजे ते कर्ण्यासारखं पसरतं आणि चेन काठावर घासत नाही. खालच्या नळीला पाणी निघायला दोन भोकं. वरची चेन ओढ घेणारी असते, तिथे नळीने तिला वाकवलं तर हात लवकर दुखतात. त्यामुळे ती अगदी सरळ रेषेत धरा.

पण पदर खाल्ला होता चेनव्हीलने, ते तर अजून उघडंच होतं. त्याला खाद्यतेलाच्या प्लास्टिक कॅनचा अर्धा भाग कापून झाकण केलं, कडेला ट्यूबची पट्टी शिवली. पत्रा नको, हात कापतो. आणि फवारणीच्या औषधाची कॅन तर अजिबात नको. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळात किती घरं बसली, ते तुम्हाला माहीत आहे. ते डबे धुऊनही घरात आणायचे नाहीत.

तेलाचंही सांगतो. आपल्याकडे चेनला जळकं ऑइल लावतात. त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, कापसाच्या दिवसांत तंतू चिकटतात आणि नळीत त्याचा लगदा होतो. चेन आधी कापडाने कोरडी पुसा, मग शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब. ते आत्याच्या घरी होतंच.

गाडीची साखळी काढायला मात्र आठवडा लागला. आतेभाऊ तयार नव्हता. शेवटी त्याने स्वतः सीटवर बसून, बहिणीची ओढणी मांडीवर टाकून गावाला दोन चकरा मारल्या. परत आल्यावर काही बोलला नाही, गोठ्यातली साखळी काढून खिळ्याला अडकवली.

तरी पदर खोचूनच बसायचं, हे मी आत्याला बजावलंय. नळी घासते, काळी भुकटी पडते, ती बदलावी लागणार. आणि आवाज तर तुम्ही ऐकलाच. आत्या म्हणते, "गाडी वरडते. पन पदर नाई खात."

गेल्या आठवडी बाजारात अशाच गाडीवरच्या एका काकांनी तिला थांबवून नळीबद्दल विचारलं. तिने माझा नंबर देऊन टाकला. या रविवारी त्यांची गाडी येतेय. त्यांच्या गाडीत चेन पुढच्या चाकाला जाते, म्हणजे सगळं माप नव्याने घ्यावं लागेल. शिवाय तिचा ब्रेकही लागत नाही म्हणतात. ते पुढच्या भागात. भेटू.