वावर आपलं, पण वरचं आभाळ?

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा, फक्त कान जरा इकडे ठेवा. मीही तुमच्यासारखीच बचत गटातली. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या काही गावांच्या गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज बोलायचं आहे ड्रोनबद्दल. ड्रोन चालवायचा कसा, हे प्रशिक्षणात शिकवतात. तो कुठे उडवायचा नाही, हे मात्र आम्हाला एका नात्यातल्या भांडणाने नीट शिकवलं. तीच गोष्ट सांगते.

आमच्या एका गटाला 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला. तुम्हाला माहीत असेल, या योजनेत किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये सरकार देतं. बाकीची रक्कम गटाने उभी करायची. आमच्या गटाने त्यासाठी कर्ज काढलं. गटातल्या एका ताईने १५ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. त्यातले ५ दिवस ड्रोन उडवण्याचे आणि १० दिवस खत-औषध फवारणीचे. ताईच्या हातात प्रमाणपत्र आलं, त्या दिवशी तिच्या सासूबाईंनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

पहिल्या हंगामात कामं बऱ्यापैकी मिळाली. मग एक दिवस माझ्या चुलतसासऱ्यांचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. म्हणाले, "सूनबाई, माझा आणि शेजाऱ्याचा मिळून १२ एकर गहू आहे. तुमचं ते विमान घेऊन या." एकरी ४०० रुपयांनी ४८०० रुपयांचं काम. कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला. मी लगेच हो म्हटलं. आण्णांनी निम्मे पैसे आगाऊ पाठवूनही दिले.

संध्याकाळी ताईने विचारलं, "वावर नेमकं कुठे आहे?" मी सांगितलं. ती गप्प झाली. आण्णांचं वावर लष्कराच्या हद्दीला लागून आहे. बांधावर उभं राहिलं की पलीकडे लष्कराचे खांब दिसतात. ताईने मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला. आण्णांचं सगळं वावर लाल रंगात.

मी म्हटलं, "अगं, आपण पिकावरून आठ-दहा फुटांवरनं फवारतो. घराच्या पत्र्याएवढीही उंची नाही. त्याला कोण विचारतंय?"

मैत्रिणींनो, माझी चूक इथेच होती. तुमच्यापैकी पुष्कळ जणींना असंच वाटत असेल, म्हणून हे नीट समजून घेऊ.

आपल्या देशात ड्रोनसाठी २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात नवे नियम आले. त्यानंतर सरकारने सगळ्या देशाच्या आभाळाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. तो 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतो. त्यात तीन रंग आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही.

आणि लाल रंग सुरू होतो तो जमिनीपासून. तिथे आठ फूट काय आणि ८०० फूट काय, सारखंच. खाली उडवलं म्हणून सूट नाही. ड्रोन लहान आहे म्हणूनही सूट नाही. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं म्हणतात, आमचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, आम्हाला नियम नाहीत. छोट्या ड्रोनला काही बाबतींत सवलत आहे, हे खरं. पण लाल भागात त्यालाही विनापरवाना उडता येत नाही.

विमानतळाजवळच्या बायकांनी आणखी एक गणित लक्षात ठेवा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग २०० फुटांपर्यंतच आहे. फवारणीला तेवढं पुरतं. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र जमिनीपासूनच पिवळा भाग आहे, म्हणजे फवारणीलाही परवानगी हवी. त्याहून जवळ असाल तर काम नाहीच, असं धरून चाला. आमच्याकडे ओझरला विमानतळ आहे. त्यामुळे निफाड, दिंडोरीकडच्या गटांना हे गणित तोंडपाठ असायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर पिकाला औषध मारतो, आपल्यावर संशय कशाला? मीही ताईला हेच म्हटलं होतं. तेव्हा तिने प्रशिक्षणात ऐकलेलं सांगितलं. २०२१ च्या जून महिन्यात जम्मूमध्ये हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. हवाई दलाचे दोन जण जखमी झाले. तेव्हापासून हद्दीवर उभ्या जवानाला आभाळात ड्रोन दिसला की त्यात औषध आहे की आणखी काही, हे त्याला खालून कळत नाही. आपल्या ड्रोनला टाकी असते, कॅमेरा असतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

दुसरं कारण माणसांच्या जिवाचं. आमच्या नाशिकला देवळालीत तोफखान्याचं शिक्षण देणारी लष्कराची मोठी शाळा आहे. तिथे तोफांचा सराव चालतो. नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण होतं. ती हेलिकॉप्टरं कधी कधी इतकी खालून जातात की अंगणातलं वाळवण उडतं. अशा हेलिकॉप्टरच्या पंख्यात आपला ड्रोन गेला तर? आत बसलेलाही कुणाचा तरी लेकच आहे. माणूस बसलेल्या विमानाला, हेलिकॉप्टरला आधी वाट द्यायची, हा ड्रोनच्या नियमांतला पक्का नियम आहे. हेलिकॉप्टरचा आवाज आला की फवारणी थांबवून ड्रोन खाली उतरवायचा.

आणि पैशाचं म्हणाल, तर ड्रोनच्या नियमांत १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय लष्कराच्या जागेचे फोटो, नकाशे घेतल्याचा संशय आला तर १९२३ चा गोपनीयतेचा कायदा लागू शकतो. तो फार कडक आहे. आपला हेतू वाईट नव्हता हे पुढे सिद्ध होईलही. पण तोवर चौकशीच्या चकरा कोण मारणार? ड्रोन अडकून पडला तर हप्ता कोण भरणार? ४८०० रुपयांसाठी दहा-बारा बायकांचं कर्ज पणाला लावायचं का, हा खरा प्रश्न होता.

मी आण्णांना फोन केला. ते चिडले. म्हणाले, "वावर माझं, सातबारा माझा, पीक माझं. परवानगी मी देतो की." त्यांचंही खोटं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन. पण मैत्रिणींनो, सातबारा जमिनीचा असतो, आभाळाचा नसतो. हे मी त्यांना कसंबसं समजावलं. ते म्हणाले, "मग शेजारच्या गावचा पोरगा उडवून देतो म्हणतोय, तो कसा काय?" मी म्हटलं, "आण्णा, त्याने उडवला तर तुमच्या वावरात उडवला, असं आधी तुमचंच नाव निघेल." फोन ठेवला त्यांनी. आठ दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं.

मग गटाची बैठक बसली. एक काकू म्हणाल्या, "ड्रोन नको ना, मग बॅटरीचे पंप तर आहेत." आणि खरंच, आमच्या सहा जणी पाठीवर बॅटरीचे पंप घेऊन आण्णांच्या वावरात उतरल्या. ड्रोनने जे काम दोन-तीन तासांत झालं असतं, त्याला दोन दिवस लागले. पाठी भरून आल्या. मजुरी वजा जाता गटाच्या हाती फारसं काही उरलं नाही. पण पीक वाचलं, नातं वाचलं, ड्रोन वाचला. दुसऱ्या दिवशी आण्णांनी स्वतः चहा आणून दिला. बोलले काही नाहीत. पण पुढच्या महिन्यात त्यांनीच लांबच्या पाहुण्यांचं १५ एकरांचं काम आम्हाला मिळवून दिलं. ते हिरव्या भागात होतं, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं!

त्या दिवसापासून आमच्या गटाने काही नियम केले आहेत. तुमच्या वहीत उतरवून घ्या.

पहिला, कामाचा फोन आला की आधी शिवाराचं लोकेशन आणि गट नंबर मागायचा. नकाशा पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही, आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत.

दुसरा, नकाशा दोनदा पाहायचा. काम ठरवताना एकदा आणि उडवायच्या दिवशी सकाळी एकदा. कारण रंग बदलू शकतात. मोठी यात्रा, सभा, बंदोबस्त असला की पोलीस काही भाग तात्पुरता लाल करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. गावात पोलिसांची दवंडी किंवा सूचना आली असेल तर तीही विचारून घ्यायची. मोबाइलवर दिसलेल्या नकाशाचा फोटो तारखेसह जपून ठेवायचा.

तिसरा, पिवळा भाग असेल तर लेखी परवानगी हातात आल्यावरच काम. "साहेबांनी तोंडी सांगितलंय" हे चालायचं नाही.

चौथा, जिचं प्रमाणपत्र तिच्याच हातात रिमोट. दादला असो, दीर असो की लेक, "दे इकडे, मी उडवतो" म्हणाला तर गोड बोलून नाही म्हणायचं. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विम्याचा कागद कायम सोबत.

पाचवा, वारा फिरला, सिग्नल तुटला आणि ड्रोन तारेपलीकडे पडला, तर आणायला तार ओलांडायची नाही. जागेवर थांबायचं आणि पोलीस ठाण्यात कळवायचं. अपघात झाला असेल तर विमान वाहतूक महासंचालनालयाला ४८ तासांच्या आत कळवावं लागतं.

ज्यांना ड्रोन घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट. प्रमाणपत्रासाठी दहावी पास आणि वय १८ ते ६५ लागतं. आधी पासपोर्ट मागायचे. २०२३ पासून ती अट राहिली नाही. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड असे कागद चालतात. तेव्हा दहावी झालेल्या सुना-लेकींना पुढे करा. पण गटात ठराव करण्याआधी गावाचा नकाशा उघडून बसा. आजूबाजूची शिवारं बहुतेक लाल-पिवळी असतील, तर ड्रोनला काम मिळणार कुठून आणि कर्ज फिटणार कसं, याचा हिशेब आधी मांडा.

मैत्रिणींनो, नाही म्हणणं आपल्याला जड जातं. त्यात माणूस नात्यातला असला की फारच जड. पण रिमोट हातात घेतला की नाही म्हणायलाही शिकावं लागतं. ताईने त्या संध्याकाळी मला नाही म्हटलं, म्हणून आज आमचा ड्रोन चालू आहे आणि हप्तेही वेळेवर जात आहेत.

बरं, भाकरी करपायच्या आत थांबते. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा. नमस्कार.