१८४८ सालचं लुगडं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



‘नोकरी सोडून तू आणखी काय करतेस’ यावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं आहे. नोकरीत मी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणजे खरं तर बराच वेळ इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. आणि शनिवार-रविवारी जुन्या काळचे कपडे शिवते. नाटकांसाठी. नाटकातला प्रसंग ज्या सालचा असेल त्या साली जे कापड, जो रंग, जी शिवण शक्य होती तेवढीच वापरायची, असा नियम. या छंदातून पैसे मिळत नाहीत. घरात जिकडेतिकडे दोरे मात्र मिळतात.

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या नववीतल्या मुलींनी ३ जानेवारीला, बालिका दिनाला, सावित्रीबाईंवर नाटक बसवलं. त्याचे कपडे मी केले. आज फक्त त्याविषयीच सांगते, कारण बाकीच्या प्रयोगांवर बोलायला लागले तर जेवणं थंड होतील.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, आणि पुण्यात भिडे वाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची. म्हणजे त्या शाळेत शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांचं वय होतं सतरा. जोतीराव एकवीस वर्षांचे. आपल्या स्नेहसंमेलनांत सावित्रीबाई नेहमी पोक्त बाई म्हणून येतात, चष्मा नाही एवढंच. नववीची मुलगी मोठ्या बाईचं काम करते आहे असं आपण समजतो. खरं तर दोघींत दोन-तीन वर्षांचंच अंतर आहे. हे सांगितल्यावर ती भूमिका करणाऱ्या मुलीचं चालणंच बदललं.

आता कपडे. भाड्याने मिळतं ते म्हणजे शिवलेलं नऊवारी. पॉलिस्टरचं, काठ चकचकीत, पायजम्यासारखं पायात घालायचं आणि मागे वेल्क्रो लावायचा. दोन मिनिटांत सावित्रीबाई तयार. कपडेपटवाल्यांना मी दोष देत नाही, एका दिवसात त्यांना दहा शाळा सांभाळायच्या असतात. पण १८४८ ची चाळणी लावली की काय होतं बघा. पॉलिस्टर १९४१ चं. वेल्क्रो त्याच्याही नंतरचा. सिंगरचं शिवणयंत्र १८५१ चं. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ ची; विलायती गिरणीचं कापड मात्र तोवर इथे येऊ लागलं होतं. आणि सगळ्यात गंमत सेफ्टी पिनची. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने तिचं पेटंट घेतलं १८४९ मध्ये. फक्त एक वर्ष! आमच्या भाषेत सांगायचं तर पुढच्या वर्षी रिलीज होणारी लायब्ररी या वर्षीच्या बिल्डमध्ये घेता येत नाही.

रंगांचंही तसंच. दुकानात मला एक सुंदर जांभळं लुगडं दाखवलं. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत पहिला रासायनिक जांभळा रंग तयार केला तो १८५६ मध्ये. त्याआधीचे रंग झाडांतून, मुळांतून, किड्यांतून यायचे. नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, कुसुंबा. यातला कुसुंबा दिसायला फार देखणा, पण पाण्याला टिकत नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

हे सगळं कळतं कुठून? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश माझा फार आवडता. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. म्हणजे आपलं १८४८ बरोबर दोन्हींच्या मध्ये. कपड्यांची नावं शोधत त्यात शिरलं की संध्याकाळ संपते. दुसरं म्हणजे फोर्ब्स वॉटसन याने १८६६ मध्ये केलेले १८ खंड, ज्यांत भारतभरच्या कापडांचे ७०० खरेखुरे तुकडे चिकटवलेले आहेत. त्याने ते केले इंग्लंडच्या गिरणीवाल्यांना इथल्या कापडाची नक्कल करता यावी म्हणून. हेतू काही फार थोर नव्हता, पण माझं काम झालं. उलट, जुन्या मराठी बायका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जी चित्रं येतात ती बहुतेक राजा रविवर्म्याची किंवा त्याच्या वळणाची. रविवर्मा जन्मला तोच मुळी १८४८ मध्ये!

तर मी घेतलं हातमागाचं सुती लुगडं, निळीचं, लाल काठांचं. निळीबद्दल एक तडजोड केली. कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात आली, आणि माझ्या लुगड्याची नीळ तीच आहे. पण तिचा रेणू आणि झाडाच्या निळीचा रेणू एकच. प्रेक्षकाच्या डोळ्याला आणि अंगावरच्या कापडाला फरक पडत नाही, खिशाला पडतो. चोळी खणाची, पुढे गाठीची, पूर्ण हाताने शिवलेली. धावदोरा, उलटी टीप आणि हेम. शिवणाच्या बाई इथे बसल्या आहेत; बाई, पाचवीतला तो रुमाल वाया गेला नाही.

नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर कोरडं लुगडं भरलं ८०० ग्रॅम. भिजवून, दोघींनी दोन टोकांना धरून पिळल्यावर दीड किलोच्या वर.

हे वजन मी मुद्दाम केलं. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण आणि चिखल फेकायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, ही हकिकत आपण सगळ्यांनी चौथी-पाचवीपासून ऐकली आहे. मीही ऐकली होती. नाटकाच्या संहितेत ती अशी होती: शेणाचा मारा, अंधार, तीस सेकंद संगीत, प्रकाश, आणि सावित्रीबाई स्वच्छ लुगड्यात वर्गात उभ्या. वेल्क्रोच्या लुगड्यात हे सहज जमतं. खऱ्या लुगड्यात नाही जमत. आधीचं सोडायचं, कमरेची गाठ मारायची, निऱ्या घालायच्या, काष्टा खोचायचा, पदर घ्यायचा, तेही पिनेशिवाय. पहिल्या तालमीत मुलीला लागली पंचवीस मिनिटं. महिनाभराच्या सरावाने ती सहा मिनिटांवर आली, त्याखाली काही येईना.

पिना नकोत म्हटल्यावर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, स्टेजवर सुटलं तर? आमच्या पोरीची शोभा होईल.” प्रश्न अगदी योग्य होता. मी म्हटलं, सरावात एकदा जरी सुटलं तरी पिना मी स्वतः लावीन. शेवटच्या पंधरा तालमींत ती मुलगी त्या लुगड्यात धावली, जिना चढली, मांडी घालून बसली. घट्ट नेसलेलं नऊवारी सुटत नाही. आपल्या पणज्या त्यात शेतात राबत होत्या, त्या काही पिना लावून जात नव्हत्या.

सहा मिनिटांचा अंधार करणं तर शक्य नव्हतं. मग एका मुलीने विचारलं, “तोवर वर्गातल्या पोरी काय करत असतील?” नाटकाच्या बाईंनी तिथेच संहिता बदलली. दोन मुली चादर धरून उभ्या, आडोशाला सावित्रीबाई लुगडं बदलताहेत, आणि पुढे बसलेल्या पोरी पावकी-निमकी म्हणताहेत. म्हणता म्हणता चुकतात, आतून दुरुस्ती होते, पुन्हा सुरू. संगीत नाही, काही नाही. प्रयोगाच्या दिवशी सुरुवातीला मागच्या रांगेत कुजबुज झाली. तिसऱ्या मिनिटाला सभागृह गप्प झालं.

आणि मग ते शेणाने भरलेलं लुगडं. ते कुठे गेलं? आपल्या गोष्टीत ते तिथेच संपतं. पण कापड असं संपत नाही. घाणीचं ओलं लुगडं गाठोड्यात बांधून परत घरी न्यायचं, धुवायचं, पिळायचं, वाळत घालायचं, कारण उद्याही लागणार. हे आमच्या सावित्रीने स्वतः केलं, शाळेच्या मागच्या नळावर, खरोखर शेण कालवून. म्हणूनच मी निळीचं निवडलं होतं. कुसुंब्याचं असतं तर चार दिवसांत त्याची रया गेली असती. धुऊन झाल्यावर ती मला म्हणाली, “मावशी, हे रोज?” मी म्हटलं, हो, बहुधा रोज.

एक छोटी गोष्ट राहिली. नाटकात पुढे १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह येतं. तिथल्या विधवांना पांढऱ्या साड्या ठरल्या होत्या. ते पांढरं आपण सिनेमातून घेतलं आहे. त्या काळी पुण्यातल्या ब्राह्मण विधवा नेसायच्या ते लाल आलवण. आम्ही चार आलवणं केली, त्यातलं एक नेसलेली मुलगी रंगमंचावर नुसती येऊन उभी राहिली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजी एकदम म्हणाल्या, “अगं बाई, आत्याबाई!” त्यांना त्यांच्या लहानपणी पाहिलेलं कोणीतरी आठवलं होतं. पांढऱ्या साडीला ते आठवलं नसतं.

आता माझं काम. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, ट्रंकेत, आजीचं-पणजीचं लुगडं असेल. सध्या त्याच्या उशा, पर्स, मुलींचे कुर्ते करायची टूम निघाली आहे. कापायच्या आधी थांबा. मला ते नको आहे, फक्त त्याची मापं हवी आहेत. लांबी, रुंदी, वजन, काठाची रुंदी, एका सेंटिमीटरमध्ये किती धागे उभे आणि किती आडवे, आणि ते कोणाचं, कोणत्या गावचं, साधारण कधीचं. त्यासाठी मी एक साधा तक्ता केला आहे.

जेवणानंतर मी चित्रकलेच्या वर्गात बसणार आहे. टेप, भिंग आणि काटा बरोबर आणला आहे. काही जणींनी लुगडी आजच आणली आहेत असं ऐकलं. त्यांनी आधी या, कारण चारनंतर त्या वर्गात उजेड कमी होतो.