वीज फुकट मिळते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी लोहा येथे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी विजेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मंडळाच्या शिल्लक पैशांतून एक यंत्र घ्यावे, अशी सूचना आली आहे. विकणारा म्हणतो, मोटार जनित्र फिरवील, जनित्र मोटारीला वीज देईल, वर घरालाही उरेल. बिल येणारच नाही. पैसा आपणा सर्वांचा आहे, तेव्हा आधी विचार करू.

१८३१ साली इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी दाखवले, की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आतबाहेर केला की तारेत वीज वाहते. चुंबक थांबला की वीजही थांबते. जनित्र याच तत्त्वावर चालते.

१८३४ साली रशियात लेंझ यांनी पुढची गोष्ट सांगितली. तारेतली वीज त्या वेटोळ्यालाच चुंबक बनवते आणि ते आपल्याला विरोध करते. चुंबक आत ढकलला तर मागे लोटते, बाहेर काढला तर धरून ठेवते. विरोधाऐवजी मदत झाली असती, तर चुंबक आपोआप वेगाने ओढला गेला असता आणि श्रमाविना वीज निघाली असती. सृष्टीत तसे घडत नाही. शक्ती नवी निर्माण होत नाही; तिचे रूप तेवढे पालटते.

जात्याचेच पाहा. रिकामे जाते सहज फिरते; वैरण घातली की जोर लागतो. सायकलच्या डायनामोवर दिवा लावला की पायडल जड होते. येलदरीला पूर्णा नदीचे पाणी चाक फिरवते, परळीला कोळशावर केलेली वाफ. घरोघर दिवे लागले की अशी चाके जड होतात. मग पाणी जास्त सोडावे लागते, कोळसा जास्त जाळावा लागतो.

आता ते यंत्र. जनित्राची वीज मोटारीने घेतली की जनित्र तितकेच जड होते. शिवाय घर्षणात आणि तारा तापण्यात काही शक्ती जातेच. म्हणून दोन्ही थोड्याच वेळात थांबणार. चालत राहिले तर आत बॅटरी किंवा लपवलेली तार आहे, असे खुशाल समजावे.

वीज करायचीच असेल तर छतावरच्या सौर पॅनेलची चौकशी करू. तिथे ऊन कामी येते, हे उघड आहे. आणि त्या विक्रेत्याला एवढेच विचारू, "दादा, या जात्याला वैरण कोण घालणार?" उत्तर मिळेपर्यंत पैसे पेटीतच राहू द्यावेत, अशी माझी विनंती आहे.