पाय कोरडे असताना निघावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही. पण विषय घरातला आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्या सांगलीपासून समुद्र लांब, तेव्हा वादळाचे भय कोकणाला, अशी आपली समजूत. पण २०२४ साली अमेरिकेत हेलेन नावाचे वादळ आले आणि समुद्रापासून दोनशेहून अधिक मैल आत, डोंगरात वसलेल्या ॲशव्हिल गावचा नदीकाठ बुडाला. डोंगरावर पडलेला पाऊस नदी खाली आणते. आपली कृष्णाही तशीच. इथे ऊन असते, तेव्हा महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात धार लागलेली असते. हरिपूरला वारणा मिळते, आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा भरली की आपले पाणी लवकर उतरत नाही.

आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ सालच्या पुराची खूण धरून पुष्कळजण निर्धास्त बसले होते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या शेजारच्या आजी लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवीत राहिल्या; शेवटी रात्री कमरेइतक्या पाण्यातून त्यांना खुर्चीत बसवून न्यावे लागले. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली. त्यात बायका-मुले गेली, हे आपणांस ठाऊक आहेच.

पाणी दारातून येण्याआधी मोरीतून उलटे येते. मोरी गुडगुडली की बोचके हातात हवे. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, रोजची औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत. मेन स्विच बंद, सिलिंडर बंद, जनावरांची दावी सोडलेली. पुरुषमंडळी म्हणतील, "उद्या बघू." घर कधी सोडायचे हे बाईला कोणी विचारीत नाही, बोचके मात्र तिनेच बांधायचे! या एका बाबतीत आपण त्यांचे ऐकू नये, असे मी मुद्दाम म्हणते.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इकडे पाणी आधी येते. तिथल्या एकट्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली माणसे यांची यादी मंडळाने मे महिन्यातच करावी आणि कोणाला कोणी न्यायचे तेही लिहावे. उंचावर घरे असणाऱ्यांनी किती माणसे मावतील ते सांगावे. विश्रामबागेत माझ्या भावाच्या दोन खोल्या आहेत. त्याला विचारले आहे. आठ माणसे आजच लिहून घ्यावीत.