दामोदर कोसंबी : गणित आणि शांतता (स्वागताध्यक्षीय भाषण)



प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या शांतताकार्याचा विचार करण्यासाठी जमलेल्या अभ्यासकांचे स्वागत करताना स्वागतसमितीला हे नमूद करावे लागते की, ज्या शहरात कोसंबींच्या आयुष्याचा मोठा भाग गेला त्या शहरालाही ते मुख्यत्वे इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. गणिती म्हणून त्यांची ओळख जाणकारांपुरती उरली आहे, आणि अण्वस्त्रांविरुद्ध देशोदेशी जाऊन बोलणारे कार्यकर्ते म्हणून तर त्यांचे नाव क्वचितच निघते. कोसंबींचा शांततावाद हा त्यांच्या गणिती सवयीचाच विस्तार होता, असे स्वागतसमितीचे मत आहे.

31 जुलै 1907 रोजी गोव्यात जन्मलेले दामोदर 1918 मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेत गेले, 1929 मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून 1933 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्या गणिती कामाची व्याप्ती एका उदाहरणावरून ध्यानात येते : गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर प्रत्यक्ष मोजता येत नाही, ते पुढच्या पिढीत त्या जनुकांची फारकत किती वेळा होते यावरून अनुमानावे लागते, आणि या अनुमानासाठी त्यांनी दिलेले सूत्र आनुवंशिकीचे अभ्यासक आजही त्यांच्याच नावाने वापरतात. हीच दृष्टी त्यांनी आहत नाण्यांकडे, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या प्राचीन चांदीच्या नाण्यांकडे वळवली आणि हातोहात फिरताना नाणे झिजते, म्हणून घटलेल्या सरासरी वजनावरून ते किती काळ चलनात होते हे सांगता येईल, असे दाखवले. अंदाजाच्या जागी मोजमाप आणायचे, ही त्यांची रीत होती.

शांततेच्या विचाराला घरचा वारसाही होता. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांनी 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, आणि शाक्य व कोलिय या कुळांमधील रोहिणी नदीच्या पाण्यावरून चाललेल्या कलहात शस्त्र घ्यावे लागू नये, हेही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागचे कारण असावे, असे मत मांडले. पुत्राने वडिलांची अहिंसा जशीच्या तशी स्वीकारली नाही. तो मार्क्सवादी झाला. परंतु युद्धाचे मूळ माणसाच्या स्वभावात न शोधता पाणी, जमीन आणि उत्पन्नाच्या वाटणीत शोधण्याची वृत्ती दोघांत समान आढळते, आणि हा वारसा चरित्रकारांनी पुरेसा तपासलेला नाही असे वाटते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्यावर पुण्याहून डेक्कन क्वीन या रेल्वेगाडीने मुंबईस ये-जा करणारे कोसंबी जागतिक शांतता परिषदेचे सदस्य झाले आणि त्या कामासाठी बीजिंग, हेलसिंकी, मॉस्को येथे गेले. मात्र त्यांचे खरे वेगळेपण परदेशातील सभांपेक्षा मायदेशातील एका वादात दिसते. 1956 मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि अणुशक्ती म्हणजे प्रगती असे समीकरण रूढ होत असताना, ज्यांच्या संस्थेत ते काम करीत होते त्या होमी भाभांच्याच अणुकार्यक्रमावर त्यांनी जाहीर आक्षेप घेतला. 1957 मधील ‘सूर्य की अणू’ अशा आशयाच्या लेखात आणि 1960 मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढील व्याख्यानात त्यांनी भावनेला हात न घालता खर्चाचा प्रश्न विचारला : फुकट मिळणारा सूर्यप्रकाश ज्या देशात मुबलक आहे आणि जेथे वीज गावोगावी विखरून हवी आहे, तेथे प्रचंड भांडवल एकाच जागी अडकवणारी भट्टी परवडते का? अणुभट्टीतून प्लुटोनियम निर्माण होते आणि ते बॉम्बसाठी वापरता येते, त्यामुळे शांततामय अणुशक्ती आणि युद्धसज्जता यांच्यामधली भिंत पातळच राहते, हे ध्यानात घेतले म्हणजे ऊर्जेचा हा हिशेब शांततेच्या प्रश्नाशी कसा जोडलेला होता ते उमगते.

या कार्याची मर्यादाही येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. जागतिक शांतता परिषदेवर सोव्हिएत धोरणाची छाया होती, आणि भारतातील ‘अधिकृत’ मार्क्सवाद्यांची निर्भीड टर उडवणाऱ्या कोसंबींनी तेवढीच कठोर दृष्टी त्या व्यासपीठाकडे वळवली असती तर त्यांचे म्हणणे अधिक लोकांनी ऐकले असते. 1962 मध्ये टाटा संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. त्याचे सारे खापर अणुशक्तीच्या वादावर फोडणेही बरोबर नाही, कारण मूळ संख्यांच्या वितरणाशी निगडित आणि अद्याप न सुटलेल्या रीमानच्या अनुमानावरील त्यांच्या सदोष लेखांमुळे गणितज्ञांमध्ये त्यांची पत तोवर घसरली होती. 29 जून 1966 रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या या परिषदेच्या सत्रांत कोसंबींचे गणिती लेख आणि शांतताविषयक निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचले जावेत, आणि त्यांच्या ऊर्जाविषयक गणिताची आजच्या किमती घेऊन फेरतपासणी व्हावी, अशी स्वागतसमितीची अपेक्षा आहे.