वर्गखोलीचा पैसा कुठून येतो?

स्लॅबचे पोपडे निघालेत, आतली गंजलेली सळई दिसतेय, आणि पहिली-दुसरीची मुलं व्हरांड्यात एकत्र बसलीत. जिल्हा परिषदेच्या अशा शाळेला नवी खोली मिळते कशी?

निधीच्या मुख्य वाटा दोन. एक, २०१८ साली सुरू झालेलं समग्र शिक्षा अभियान. महाराष्ट्रात त्याचा ६० टक्के खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, आणि रस्ते, दवाखाने, शाळा सगळ्यांचीच मागणी तिथे एकदम येते.

मंजुरीनंतरही काम लगेच सुरू होत नाही. धोकादायक खोली आधी निर्लेखित करावी लागते, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. एक कागद अडला की मुलांचा आणखी एक पावसाळा गळक्या छपराखाली जातो. हे मुळीच क्षम्य नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मात्र पालकांच्या हाती मोठं बळ देतो. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. समितीनं केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार, असं कायद्याचं कलम २२ सांगतं.

तेव्हा पालकहो, आपल्या शाळेचा आराखडा मागून घ्या आणि मोडकळीला आलेली खोली त्यात नोंदवली आहे का, ते पाहा.